टोपलीतली वाळवी

आमोसला बिबट्याची भीती नव्हती, भुताखेतांची नव्हती, आणि पोलीसपाटलाची तर नव्हतीच नव्हती. त्याला भीती होती वाळवीची. चांगला धिप्पाड, रुंद खांद्यांचा गडी. पण कुडाच्या भिंतीवर मातीची बोटभर रेघ दिसली की दोन पावलं मागे सरायचा. तिसगावापासून दोन कोसांवरचं त्याचं गाव यावर पोटभर हसायचं. हसायला काय जातं? हसणाऱ्यांनी नगरच्या गवताच्या गंज्या पाहिल्या नव्हत्या.

विसाव्या वर्षी तो नगरला गेला आणि छावणीतल्या घोड्यांना गवत पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला. पंधरा वर्षं त्यानं गवत कापलं, पेंढ्या बांधल्या, घराएवढाल्या गंज्या रचल्या. डोळे मिटून काडी दाताखाली धरायचा आणि सांगायचा, हा पवना, हे मारवेल, ही काडी माळावरची आणि ही ओढ्याकाठची. पण गंजी बाहेरून सोन्यासारखी दिसते आणि आतून वाळवी तिची माती करते. म्हणून ठेकेदाराचा हुकूमच होता, की मातीची रेघ दिसली रे दिसली की खालचा थर उपसायचा आणि जाळायचा. एका पावसाळ्यात नबीलाल नावाच्या त्याच्या जोडीदारानं अशी रेघ पाहिली आणि उपसायचा कंटाळा म्हणून चार दिवस गप्प राहिला. गंजी ढासळून बसली. ठेकेदारानं नबीलालला सगळ्यांसमोर दोरखंडानं बडवलं आणि बायकापोरांसकट खोपटाबाहेर काढलं. ती रेघ आमोसनंही पाहिली होती. तो बोलला नाही, आणि नबीलालनंही त्याचं नाव घेतलं नाही. त्या दिवसापासून वाळवी दिसली की आमोसच्या पोटात गोळा यायचा. त्यातला वाळवीचा किती आणि नबीलालचा किती, हे त्यानं कधी तपासून पाहिलं नाही.

पुढे लढाई सुरू झाली. छावणीतले घोडे गेले, मोटारी आल्या, आणि मोटारी काही गवत खात नाहीत. बेचाळीस साली आमोस बायकोला, कृपाला, घेऊन गावी परतला.

गावाला एकशेवीस एकरांचं गायरान होतं. म्हणजे कागदावर गायरान. डोळ्यांना नुसता मुरूम. गुरांनी आणि मेंढ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या इतकं खरवडलं होतं की पावसाचं पाणी आत मुरायचं नाव घेत नसे. पडायचं तसं वरच्यावर वाहायचं आणि ओढ्याला जाताना उरलीसुरली मातीही घेऊन जायचं. गावचे पाटील आप्पासाहेब विचारी माणूस. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यांनी गाव गोळा केलं आणि ठरवलं की तीन पावसाळे गायरान बंद. एक खूर आत पडायचा नाही. सगळ्यांनी भैरोबाच्या ओट्यावर भंडारा उचलून शपथ घेतली. राखण आमोसकडे आली, कारण गवत कळणारा तोच. आता भंडारा उचलणं काही त्याच्या ख्रिस्ती धर्मात बसेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा आमोस खाली वाकला आणि त्यानं गायरानातली मूठभर माती उचलली.

"तिसऱ्या दसऱ्याला गुडघाभर गवत दावीन," तो म्हणाला. "न्हाई दावलं तर गाव सोडीन."

एवढं बोलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर कृपानं कपाळाला हात लावला. "गाव सोडून जायाचं कुठं? नगरला घोडं ऱ्हायलेत का आता?"

बंदीला उघड विरोध करणारा एकच माणूस निघाला, मेंढपाळ सूर्यभान. "तीन वर्सं माझ्या मेंढ्यांनी काय खायाचं, तुमचा भंडारा?" असं तो आप्पासाहेबांच्या तोंडावर म्हणाला. शेवटी त्यानंही भंडारा उचलला आणि तो पाळलाही. पण गाव पाळलेलं विसरलं आणि बोललेलं लक्षात ठेवलं. गावाचं हे असंच असतं.

आमोसनं बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून उताराला आडव्या टाकल्या. त्यांच्या आडोशाला वाऱ्यानं आणलेली धूळ साचली, धुळीत बी अडकलं. पहिल्या पावसाळ्यात काय उगवलं? टाकळा, गोखरू आणि तरवड. गाव पुन्हा पोटभर हसलं. दुसऱ्या पावसाळ्यात कुसळ उगवली. आता कुसळ कोवळी असते तोवर गुरं ती आवडीनं खातात. पण दसऱ्याच्या पुढे पिकली की तिच्या प्रत्येक दाण्याला सुईसारखं टोक आणि पिळाची शेपटी येते. ती मेंढीच्या लोकरीत शिरली की पीळ सुटत सुटत कातड्यात घुसते, आणि तोंडात गेली तर जिभेत रुतून बसते. गुडघाभर गवताचं वचन दिलं होतं खरं, पण हे?

मग एके दिवशी आमोस त्या कुसळीत गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी बुडखे बाजूला करून पाहू लागला. मुळाशी पवन्याचे कोवळे ठोंब होते. पलीकडे मारवेल जमिनीलगत पसरत होतं. मुंग्यांनी वारुळं उकरली होती, आणि रानातल्या कुठल्याशा जनावराच्या लेंड्या शेणकिडे ढकलत ढकलत बिळात नेत होते. मूठभर माती घेऊन त्यानं दाबली तर ती पूर्वीसारखी ढेकूळ होऊन बसली नाही, भाकरीच्या चुऱ्यासारखी मोकळी झाली. आमोसला इतका आनंद झाला की तो तिथंच प्रार्थनेला बसला. तो आनंद त्याला सहा महिने पुरला.

सेहेचाळीसच्या चैत्रात वाळवी आली.

गेल्या सालचं वाळकं गवत जिथं जिथं आडवं पडलं होतं, तिथं तिथं त्यावर मातीचं पातळ कवच चढलं होतं. आमोसनं काठीनं ते उचकटलं. आत पांढरी वाळवी नुसती बुजबुजत होती. एक बुडखा नाही, दोन नाहीत. ओढ्याकडचा अख्खा कोपरा तसा. नगरची गंजी एका पावसाळ्यात बसली होती. हा माळ दसऱ्यापर्यंत कसा टिकायचा? आधी वाळकं खातील, मग मुळं खातील, मग पुन्हा मुरूम. आणि मग गाव म्हणेल, आमोसनं माती उचलली होती, आमोसला वाटेला लावा.

तो कुणाला काही बोलला नाही. रोज जायचा, कवच उचकटायचा, आणि तसाच परत यायचा. अन्न गोड लागेना. असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की नबीलालही चारच दिवस गप्प राहिला होता. पाचव्या दिवशी दुपारी, कृपा पाण्याला गेली असताना, त्यानं चुलीजवळच्या कोनाड्यातली काडेपेटी उचलून बंडीच्या खिशात टाकली.

गंजीखालचा थर जाळायचा असतो, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. फक्त तो कोपरा जाळू, वर तरवडाच्या फांद्या मारून विझवू, असा त्याचा हिशेब. पण गंजीभोवती झाडून साफ केलेलं अंगण असतं. माळाला अंगण कुठलं? काडी टाकली मात्र, वारा उठला. जाळ कोपऱ्यातून निघाला आणि फांदीवरून फांदीवर, बुडख्यावरून बुडख्यावर पळत सुटला. आमोस हातात तरवड घेऊन त्याच्या मागे धावत होता आणि ओरडायचंसुद्धा त्याला सुचत नव्हतं. धूर पाहून गाव पळत आलं. सगळ्यांनी मिळून आग रोखली तेव्हा तीस एकर काळे झाले होते आणि आमोसचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते.

"कुनी लावली?" आप्पासाहेबांनी विचारलं.

आमोसनं तोंड उघडलं. त्यातून आवाज आला नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सूर्यभान सकाळी वढ्यापल्याड दिसला हुता." झालं. आमोसला 'व्हय' म्हणावं लागलं नाही. 'न्हाई' न म्हणणंच पुरलं.

चावडीवर सूर्यभान एवढंच म्हणाला, "म्या लावली न्हाई." पुरावा नव्हता, म्हणून आप्पासाहेबांनी निकाल दसऱ्यावर ढकलला. पण तोवर त्याच्या मेंढ्यांना गावच्या विहिरीवरच्या हौदावर पाणी नाही, असं गावानं ठरवलं. ऐन चैत्रात पाणी तोडणं म्हणजे जा म्हणण्यासारखंच. दुसऱ्या दिवशी सूर्यभाननं तट्टावर बिऱ्हाड लादलं. निघण्याआधी त्याची बायको भागूबाई आमोसच्या दारात आली. तिच्या हातात पानात गुंडाळलेलं मेंढीच्या दुधाचं लोणी होतं.

"आग इजवताना भाजलात म्हनं," ती म्हणाली. "लावा हातांला. आमच्यावर गावाचा राग हाय, तुमचा न्हाई ना?"

आमोसनं मान हलवली. ती कुठल्या दिशेला हलली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. भागूबाई गेल्यावर त्यानं ते लोणी हातांना लावलं नाही. पानातच वितळून गेलं.

लढाई संपली तरी काड्यांची टंचाई संपली नव्हती. तिसगावच्या बाजारात दोन-दोन आठवडे काडेपेटी दिसायची नाही. कृपा दोन दिवस पेटी शोधत होती. तिसऱ्या दिवशी बंडी धुवायला घेतली तेव्हा खिशात सापडली. तिनं ती उघडून पाहिली, नवऱ्याच्या हातांवरच्या चिंध्यांकडे पाहिलं, आणि पेटी कोनाड्यात परत ठेवली.

"ही पेटी म्या चुलीला लावनार न्हाई," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती शेजारून विस्तव मागून आणायला लागली. तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि नवऱ्यालाही पुन्हा काही विचारलं नाही. आमोसला वाटायचं, विचारलं असतं तर बरं.

वैशाखात एकदा तो पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन माळावर गेला. न जळलेल्या भागात, वाळवीच्या कवचाजवळ, त्यानं अर्धा तांब्या ओतला. पाणी दिसता दिसता नाहीसं झालं. त्यानं बोटानं उकरलं. खाली सुतळीएवढी, काडीएवढी भोकंच भोकं होती, आणि पाणी त्यांतून खोल उतरलं होतं. पवन्याच्या ठोंबाला वाळवीनं तोंड लावलं नव्हतं. तिनं खाल्लं होतं ते सगळं मेलेलं, वाळलेलं. मग त्यानं उरलेलं पाणी काळ्या भागात ओतलं. तिथं वाळवीला खायला काडी उरली नव्हती, म्हणून ती निघून गेली होती, आणि भोकं राखेनं बुजली होती. पाणी राखेवर थेंब थेंब होऊन थबकलं आणि उतारानं घरंगळत गेलं. गंजीतलं गवत मेलेलं असतं. माळावरचं जितं असतं. पंधरा वर्षं गवतात काढून एवढी साधी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. आधी भीती होती की गवत येणार नाही. आता भीती होती की कुणाला कळेल. आणि सगळ्यांत मोठी भीती ही होती की कुणालाच कधी कळणार नाही, आणि सूर्यभान जन्मभर आगलाव्या म्हणून हिंडेल.

पावसाळा बरा झाला. गंमत अशी, की जळालेला तुकडाच आधी हिरवा झाला. लोक म्हणाले, "बगा, आगीनं भलंच केलं." ती कसली हिरवळ आहे, हे आमोसला पहिल्या पात्यालाच कळलं होतं. आग पवन्याला सोसत नाही, कुसळीला मानवते. तीस एकरांवर दाट, एकजात कुसळ उभी राहिली होती. बाकीच्या नव्वद एकरांवर पवना आणि मारवेल वाऱ्यावर डुलत होतं.

दसऱ्याच्या दिवशी सगळं गाव माळावर आलं. लांबून पाहणाऱ्याला एकशेवीसच्या एकशेवीस एकर गुडघाभर गवत दिसत होतं. आप्पासाहेबांनी आमोसच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमोसचं वचन खरं झालं होतं, आणि तो जळक्या तुकड्याकडे पाठ करून उभा होता.

निकालासाठी सूर्यभानला बोलावलं होतं. तो आला तेव्हा त्याचा कळप ओळखू येईना. सहा महिने परमुलखात पाण्यासाठी वणवण करून निम्म्या मेंढ्या मेल्या होत्या, आणि उरल्या होत्या त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"झालं ते झालं," आप्पासाहेब म्हणाले. "तुझ्या मेंढ्यांना गाव चारा देईल. जो तुकडा जळाला तो तुझा. उद्यापासून तिथं चार. बाकीच्याला हात लावायचा न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. जाळणाऱ्याला त्याचाच तुकडा. न्यायही झाला आणि दयाही झाली. सूर्यभान त्या तुकड्याकडे बघत राहिला. कुसळ पिकायला लागली होती. शेंड्यांना काळपट रंग चढला होता आणि पिळाच्या शेपट्या एकमेकींत गुंतल्या होत्या. मेंढपाळाला कुसळ ओळखायला शिकवावं लागत नाही. पण उपाशी कळप मागे उभा होता आणि बोलून एकदा काय झालं होतं ते त्याच्या ध्यानात होतं.

"बरं," तो म्हणाला.

भागूबाईनं पायाशी घुटमळणारं कोकरू उचललं आणि पदराखाली घेऊन घट्ट धरलं.

ते आमोसनं पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे नबीलालची बायको उभी राहिली. तिनंही खोपटाबाहेर अशीच पोरगी पदराखाली धरली होती. आपण बोलतो आहोत हे त्याला स्वतःचा आवाज ऐकल्यावर कळलं.

"थांबा. ती आग म्या लावली."

बोलायला लागल्यावर मात्र त्यानं सगळं सांगितलं: वाळवी, गंजी, काडेपेटी, तांब्या. "म्या भ्यालो. भिऊन जाळलं, आन भिऊनच गप बसलो. त्या गवतात मेंढ्या सोडू नका. जिभा फाटतील त्यांच्या. म्या गाव सोडतो."

आप्पासाहेबांनी पाठीवरचा हात केव्हाच काढून घेतला होता. ते म्हणाले, "आमी काय सांगनार? आमीबी खोटाच न्याव केला. सूर्यभान, तू सांग."

सूर्यभान आमोसजवळ आला. मारतोय की काय, असं सगळ्यांना वाटलं. आमोसला तर मारावं असंच वाटत होतं.

"माझ्या मेंढ्या आज पवन्यात जातील," सूर्यभान म्हणाला. "आन ह्यानं गाव सोडायचं न्हाई. पळून जानं लई सोपं हाय. जो तुकडा जाळला, तो माझ्या मेंढ्या चरतील असा करून द्यायचा. कितीबी वर्सं लागू दे. तवर रोज मला ह्याचं त्वांड दिसलं पायजे."

तीन वर्षं लागली. दर श्रावणात कुसळीला टोक यायच्या आत आमोस ती कापायचा आणि गावच्या गुरांना घालायचा. पिकलेल्या पवन्याच्या पेंढ्या तो त्या तुकड्यावर काठ्यांना उलट्या टांगून ठेवायचा, म्हणजे बी आपसूक खाली गळे. आणि रोज सकाळी तो चांगल्या भागात जायचा, वाळवीचं कवच मातीसकट उकरायचा, टोपलीत भरायचा आणि डोक्यावरून जळक्या तुकड्यात आणून वाळल्या गवताखाली सोडायचा. गाव बघायला गोळा व्हायचं. वाळवी जाळणारे सगळ्यांनी पाहिले होते. टोपलीतून वाळवी आणून तिला घर करून देणारा पहिलाच. टोपलीतून एखादी वाळवी मानेवर उतरायची आणि आमोसच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. भीती गेली म्हणावं तर तसं नव्हतं. तो भीत भीतच टोपली उचलत राहिला. टोपलीतली वाळवी जगली की मेली देव जाणे. पण दुसऱ्या वर्षाअखेर शेजारची आपल्या पायांनी चालत आली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्या तुकड्यावरून ओढ्याला गढूळ पाणी गेलं नाही.

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर सूर्यभाननं पहिल्यांदा तिथं मेंढ्या सोडल्या. दिवस कलताना त्यानं एकेका मेंढीचं तोंड उघडून, अंगठ्यानं ओठ वर करून, जीभ तपासली. आमोस बाजूला उभा राहून तपासलेल्या मेंढ्या मोजत होता. शेवटची मेंढी सुटली. सूर्यभान पवन्यात खाली बसला, त्यानं चिलीम भरली आणि खिशातली काडेपेटी आमोसपुढे धरली.

"पेटव."

साडेतीन वर्षांत आमोसनं काडीला हात लावला नव्हता. "हितं?"

"हितंच."

पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली तेव्हा सूर्यभाननं आपले दोन्ही हात पुढे करून ज्योतीभोवती आडोसा धरला. चिलीम पेटली. सूर्यभान धूर सोडत मेंढ्यांकडे बघत बसला. आमोसनं दोन्ही विझलेल्या काड्या थुंकी लावून गार केल्या, पुन्हा एकदा बोटानं चाचपून पाहिल्या, आणि मुठीत घट्ट धरून घरी नेल्या.